कर्करोग, वार्धक्यातील : केमोथेरपीपूर्व मूल्यमापन

वयस्कर कर्करुग्णाला केमोथेरपी कितपत झेपेल, हे केवळ वयाच्या आकड्यावरून न ठरवता शरीर, मन आणि घरची परिस्थिती पाहून ठरवण्याची पद्धत. कुरुंदवाड (ता. शिरोळ, जि. कोल्हापूर) परिसरात कर्करोगाचे निदान झाले की घरात पहिला प्रश्न निघतो, ‘या वयात केमो सोसेल का?’ प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर जन्मतारखेत सापडत नाही. पंचाहत्तरीतही रोज मळ्यात फेरी मारणारे आजोबा केमो निभावून नेऊ शकतात आणि पासष्टीतला, वरचेवर पडणारा, मधुमेहाने मूत्रपिंडे दुबळी झालेला रुग्ण पहिल्याच डोसाला कोलमडू शकतो.

रुग्ण किती हिंडता-फिरता आहे याची 0 ते 5 अशी ईकॉग श्रेणी सर्वत्र वापरतात. वृद्धांत ती अपुरी पडते. रक्तातले क्रिएटिनिनही फसवे ठरते : 75 वर्षांच्या, 45 किलो वजनाच्या बाईचे क्रिएटिनिन 1.0 म्हणजे अहवालात ‘नॉर्मल’, पण कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्राने मूत्रपिंडांची गाळणक्षमता मिनिटाला जेमतेम 35 मिली निघते. सिस्प्लॅटिनसारखे औषध इथे धोक्याचे.

जी-8 ही आठ प्रश्नांची चाळणी थोड्या मिनिटांत होते. 17 पैकी 14 किंवा त्याहून कमी गुण पडले तर सविस्तर तपासणी करावी. तीत खुर्चीतून उठून तीन मीटर चालत जाऊन परत बसायला लागणारा वेळ, तीन शब्द लक्षात ठेवणे व घड्याळ काढणे, घटलेले वजन, उदासी, सहव्याधी आणि रोजच्या गोळ्या पाहतात. गोळ्यांची पिशवीच घेऊन यायला सांगावे. तोंडी सांगताना निम्म्या राहून जातात. आर्ती हुरिया व सहकाऱ्यांनी 2011 मध्ये मांडलेला कार्ग गुणांक 65 वर्षांवरील रुग्णांत केमोच्या तीव्र दुष्परिणामांचा अंदाज देतो. ऐकू कमी येणे आणि गेल्या सहा महिन्यांतले पडणे हेही त्यात मोजतात.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात वनिता नरोन्हा व सहकाऱ्यांनी 2018 मध्ये वृद्ध कर्करुग्णांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. तिथे 60 वर्षांपासूनच्या रुग्णांची अशी तपासणी होते. तिचा उपयोग फक्त ‘होय-नाही’ ठरवण्यापुरता नाही. आहार सुधारणे, नको त्या गोळ्या थांबवणे, फिजिओथेरपी देणे, पहिला डोस कमी ठेवणे हे तिच्यातूनच सुचते. सुप्रिया मोहिले यांच्या 2021 च्या अमेरिकी चाचणीत सत्तरीपुढचे, बरा न होणारा कर्करोग असलेले 718 रुग्ण होते. मूल्यमापनाचा अहवाल डॉक्टरांच्या हाती दिलेल्या गटात तीव्र दुष्परिणाम 51 टक्के रुग्णांना झाले, दुसऱ्या गटात 71 टक्क्यांना. आयुर्मानात मात्र उणे पडले नाही.

कुरुंदवाडच्या रुग्णाबाबत एक बाब आवर्जून विचारायला हवी. गाव पंचगंगेकाठी, कृष्णेच्या संगमाजवळ आहे; 2005, 2019 आणि 2021 च्या महापुरांनी शिरोळ तालुक्यातले रस्ते बंद पाडले. केमोनंतर साधारण 7 ते 14 दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत खाली जातात आणि त्या काळात 38 अंश सेल्सिअसचा ताप आला तरी तातडीने रुग्णालय गाठावे लागते. म्हणून पावसाळ्यातले डोस ठरवताना पूर आल्यास मिरज, सांगली वा कोल्हापुरात नातलगांकडे राहता येईल का, रात्री गाडी कोण काढेल, घरी सोबत सून-मुलगा असतो की म्हातारा-म्हातारी दोघेच, याची नोंद रक्ताच्या अहवालाइतकीच गंभीरपणे घ्यावी. खर्चाचा भार महात्मा फुले जनआरोग्य योजनेने आणि 2024 पासून 70 वर्षांवरील सर्वांना लागू झालेल्या आयुष्मान भारत योजनेने काहीसा हलका होतो.

‘आजीला सांगू नका’ असे मुले डॉक्टरांना प्रेमापोटीच विनवतात, पण आजीचे मत कळल्याखेरीज मूल्यमापन अपुरेच. कुणाला नातीच्या लग्नापर्यंतचे दिवस हवे असतात, कुणाला स्वतःच्या पायाने न्हाणीपर्यंत जाता येणे अधिक मोलाचे वाटते, आणि औषधांची निवड त्यानुसार बदलते. उपचार सुरू झाल्यावरही दर दोन-तीन डोसांनंतर चालणे, वजन आणि गोळ्या पुन्हा तपासाव्यात.