ड्युरँड रेषा

अफगाणिस्तान व पाकिस्तान यांमधील सु. २,६०० किमी. लांबीची सीमारेषा. हिंदुस्थान सरकारचे परराष्ट्र सचिव सर मॉर्टिमर ड्युरँड व अफगाणिस्तानचा अमीर अब्दुर रहमान खान यांच्यात काबूल येथे १२ नोव्हेंबर १८९३ रोजी झालेल्या करारातून ती निर्माण झाली.

मध्य आशियात रशियाची सत्ता दक्षिणेकडे सरकत होती, तर दुसऱ्या अफगाण युद्धाच्या वेळी झालेल्या गंदमकच्या तहाने (१८७९) खैबर घाट व कुर्रम खोरे ब्रिटिशांच्या नियंत्रणाखाली गेले होते. मधल्या डोंगराळ मुलखातील पठाण जमाती मात्र कोणाचीच सत्ता पूर्णपणे मानीत नव्हत्या. त्यांच्यावरील अधिकाराचा वाद मिटविणे, हा कराराचा हेतू होता. त्यानुसार अमिराने स्वात, बाजौर व चित्रळ येथे हस्तक्षेप न करण्याचे मान्य केले आणि बिरमल वगळता वझिरिस्तानवरील हक्क सोडला. त्याचा वार्षिक तनखा १२ लाखांवरून १८ लाख रुपये करण्यात आला.

ज्यांच्या भूमीतून रेषा गेली, त्या जमातींची संमती मात्र घेण्यात आली नाही. वझीर, मोहमंद इ. जमाती दोन राज्यांत विभागल्या गेल्या. १८९४ मध्ये वाना येथे सीमा-आयोगाच्या संरक्षक तुकडीवर महसुदांनी हल्ला केला. १८९७ मध्ये मलकंदपासून तिराहपर्यंत उठाव झाले. त्यांमागील कारणांत सीमांकनातून उपजलेला संशय हेही एक होते.

मूळ करारात दोन्ही पक्षांच्या प्रभावाच्या मर्यादा ठरविल्या होत्या. ही रेषा सार्वभौमत्वाची सीमा होती काय, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. १९१९ व १९२१ च्या तहांत अफगाणिस्तानने ही सरहद्द स्वीकारली. तथापि १९४७ मध्ये ब्रिटिश सत्ता संपल्यावर तिचे बंधनही संपले, अशी भूमिका त्याने घेतली. संयुक्त राष्ट्रांतील पाकिस्तानच्या प्रवेशाविरुद्ध त्याने एकट्याने मत दिले व पुढे ते मागे घेतले. १९४९ मध्ये काबूल येथील जिर्ग्याने जुने करार अमान्य ठरविले. उलट, उत्तराधिकारी राज्य या नात्याने सीमा आपणास वारशाने मिळाली, असे पाकिस्तान मानतो.

या वादाची झळ प्रामुख्याने सीमावासीयांना पोहोचली. १९६१–६३ मध्ये सरहद्द बंद झाल्याने हिवाळ्यात सिंधूच्या खोऱ्याकडे उतरणाऱ्या पोविंदा पशुपालकांचे परंपरागत स्थलांतर खंडित झाले. २०१७ पासून पाकिस्तानने उभारलेल्या तारेच्या कुंपणामुळे एकाच जमातीच्या गावांमधील जुन्या वाटाही बंद झाल्या. २०२१ मध्ये सत्तेवर आलेल्या तालिबाननेही ही सीमा मान्य केलेली नाही. दोन सत्तांमधील वाद मिटविण्यासाठी आखलेली ही रेषा अशा रीतीने स्वतःच वादाचा विषय बनली.