उच्चाटन आणि पुनःस्थापना : स्पायवेअरनंतरच्या तुटलेल्या जोडणीचा इतिहास

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर वांगणी आणि नेरळ यांच्या दरम्यान शेलू हे स्थानक लागते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने १८५६ मध्ये हा मार्ग पळसदरीवरून खोपोलीपर्यंत नेला. १८५८ मध्ये घाटापलीकडचा खंडाळा-पुणे हा भागही वाहता झाला. तथापि बोरघाटातील काम १८६३ मध्ये पुरे होईपर्यंत मुंबईहून निघालेली गाडी पुण्यास पोचू शकत नव्हती. दोन्ही बाजूंचे रूळ शाबूत होते, इंजिने धावत होती. तुटलेला होता तो केवळ मधला दुवा. त्या दुव्यापुरते उतारूंस पालखी, तट्टू आणि बैलगाडी यांचे साह्य घ्यावे लागे. प्रस्तुत लेखाचा विषय काळाने याहून फार अलीकडचा आहे. परंतु त्याचे मर्म या घाटाच्या उदाहरणाने जितके स्पष्ट होते तितके अन्य कशाने क्वचितच होईल.

संगणकात मालकाच्या नकळत शिरून त्याच्या व्यवहाराची टेहळणी करणाऱ्या कार्यक्रमास स्पायवेअर म्हणतात. असा कार्यक्रम काढून टाकला की संगणक पूर्ववत होईल, ही समजूत स्वाभाविक आहे. परंतु २००० नंतरच्या दशकात असंख्य लोकांचा अनुभव नेमका उलट होता. हेर गेला आणि त्याच्याबरोबर इंटरनेटही गेले. उच्चाटन ही एक क्रिया आहे आणि पुनःस्थापना ही दुसरी. पहिली केल्याने दुसरी आपोआप घडत नाही. पुनःस्थापनेचे हे स्वतंत्र कर्तव्य कोणाचे, या प्रश्नाची उत्तरे काळाच्या ओघात बदलत गेली. ती प्रथम स्वयंसेवकांनी दिली, मग संगणकप्रणालीच्या उत्पादकाने, नंतर न्यायालयाने आणि अखेर शासनाने. या स्थित्यंतराचा मागोवा घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम यंत्रणेचे स्वरूप ध्यानात घ्यावयास हवे. विंडोज प्रणालीवरील कोणताही कार्यक्रम इंटरनेटशी बोलतो तो विनसॉक नावाच्या मधल्या व्यवस्थेच्या द्वारा. १९९० नंतरच्या प्रारंभीच्या वर्षांत, निरनिराळ्या कंपन्यांच्या संपर्क-आज्ञावली परस्परांशी जुळाव्यात म्हणून, या व्यवस्थेचा मसुदा सिद्ध झाला. पुढे तिची दुसरी आवृत्ती आली आणि १९९६ च्या विंडोज एनटी ४.० मध्ये तिचा अंतर्भाव झाला. या आवृत्तीने एक नवी सोय दिली. इतर उत्पादकांना आपले स्तर त्या व्यवस्थेत बसविता येऊ लागले. या स्तरांना एलएसपी असे संक्षिप्त नाव आहे. हे स्तर साखळीप्रमाणे एकापुढे एक असतात, त्यांची यादी प्रणालीच्या नोंदवहीत ठेवलेली असते, आणि जाणारी-येणारी माहिती त्या साखळीतून पार व्हावी लागते. विषाणूंची तपासणी, मुलांसाठी मजकुराची गाळणी अशा सद्हेतूंसाठी ही सोय उपयुक्त होती.

परंतु जो नाका रखवालदारास सोयीचा, तोच हेरासही सोयीचा असतो. त्या काळच्या दुरुस्ती-साहित्यात न्यू डॉट नेट आणि वेबहॅन्सर ही नावे वारंवार येतात, ती याच साखळीत शिरणारे कार्यक्रम म्हणून. यांतील पहिल्याच्या उत्पादकास आपल्या कार्यक्रमाचा समावेश अशा यादीत होणे मान्य नव्हते. त्याने अॅड-अवेअर या शोधक कार्यक्रमाच्या कर्त्यांवर अमेरिकेत दावा लावला. २००४ मध्ये तो न्यायालयात टिकला नाही. हेर कोणास म्हणावे, हा प्रश्नच त्या वेळी वादग्रस्त होता, हे यावरून दिसते.

अशा कार्यक्रमाची फाईल कोणी सरळ पुसून टाकली, की साखळीतील कडी नाहीशी होई. परंतु नोंदवहीतील यादीत तिचे नाव तसेच राही. प्रणाली प्रत्येक वेळी त्या नसलेल्या कडीकडे माहिती सोपवू पाही आणि व्यवहार तेथेच खुंटे. तार शाबूत, मोडेम शाबूत, सेवा देणाऱ्या कंपनीकडील खातेही चालू. तरी एकही पृष्ठ उघडत नसे. संगणकाचा पत्ता नव्याने मागविल्यास ‘जे सॉकेट नाही त्यावर क्रिया करण्याचा प्रयत्न झाला’ अशा आशयाचा संदेश येई. सामान्य मनुष्यास त्याचा अर्थबोध होणे शक्य नव्हते. बोरघाटाचे उदाहरण येथे तंतोतंत लागू पडते.

या दुरवस्थेवरील पहिले उपाय कोणत्याही मोठ्या संस्थेकडून आले नाहीत. नेदरलंड्समधील मेरीन बेलेकोम या तरुणाने हायजॅकधिस हा कार्यक्रम रचला. तो संगणकाच्या संशयास्पद जागांची यादी काढून देई आणि त्या यादीतील ‘ओ-१०’ या क्रमांकाखाली, अमुक सेवादाता गहाळ असल्यामुळे इंटरनेट तुटले आहे, अशी नोंद दिसे. एलएसपी-फिक्स नावाचे दुसरे विनामूल्य साधन ती साखळी पुन्हा सांधून देई. या याद्या वाचून अनोळखी पीडितांस पायरीपायरीने मार्गदर्शन करणारे स्वयंसेवक तयार झाले. त्यांस ना वेतन होते ना पद. पुनःस्थापना हे स्वतंत्र काम आहे, हे प्रथम त्यांनी ओळखले.

या उपायात एक अंतर्विरोध होता. औषध इंटरनेटवर होते आणि रोग इंटरनेट तुटण्याचा होता. म्हणून जाणकार मंडळी, हेर काढण्यापूर्वीच साखळी सांधण्याचे साधन उतरवून ठेवावे, असे बजावीत. ज्याने ते केले नाही त्यास दुसऱ्या संगणकावरून ते फ्लॉपीवर किंवा सीडीवर आणावे लागे. आपल्याकडे या अडचणीस विशेष धार होती. विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबईसह महानगरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट-सेवा सुरू केली. खाजगी कंपन्यांस या क्षेत्रात प्रवेश मिळाला तो १९९८ च्या अखेरीस. महानगरात दुसरा संगणक शेजारच्या इमारतीत सापडे. शेलूसारख्या ठिकाणच्या माणसास मात्र ज्या लोकलने कामास जावयाचे, तिनेच सीडी घरी आणणे हाच सरळ मार्ग. तुटलेल्या घाटातील पालखीचे काम येथे सीडीने केले, असे म्हणावयास हरकत नाही.

दुसरा टप्पा २००४ चा. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीची दुसरी सुधारणा-आवृत्ती प्रसिद्ध केली. तीत ‘नेटश विनसॉक रीसेट’ ही आज्ञा होती. ती देऊन संगणक पुन्हा सुरू केला की साखळी मूळ स्वरूपात येई. औषध आता रोग्याच्या घरातच ठेवलेले होते आणि वर उल्लेखिलेला अंतर्विरोध बव्हंशी संपला. पण ही आज्ञा सज्जन आणि दुर्जन असा भेद करीत नाही. ती बाहेरून आलेल्या सर्वच कड्या काढते, आणि साखळीत बसलेला विषाणुरोधक कार्यक्रमही त्यामुळे पुन्हा बसवावा लागतो. तरीही ज्याने दार ठेवले त्यानेच ते दुरुस्त करण्याची सोय द्यावी, हे तत्त्व उत्पादकाने कृतीने मान्य केले, हे महत्त्वाचे होय.

तिसरा टप्पा सर्वांत उद्बोधक आहे. डीएनएसचेंजर नावाच्या कार्यक्रमाने साखळीस हात न लावता नावांच्या सेवेस हात घातला. संकेतस्थळाचे नाव आणि त्याचा अंकी पत्ता यांची सांगड घालणाऱ्या या सेवेस डीएनएस म्हणतात. हा कार्यक्रम संगणकाची, आणि काही प्रसंगी घरच्या राउटरचीही, मांडणी बदलून त्यास चोरांच्या सर्व्हरांकडे पत्ता विचारावयास लावी. नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने ही टोळी उघडकीस आणली व एस्टोनियात सहा जणांस अटक झाली. शंभरांहून अधिक देशांतील सुमारे ४० लाख संगणक बाधित असल्याचे तपास-यंत्रणेने सांगितले.

आता पेच उभा राहिला तो असा की, चोरांचे सर्व्हर तत्काळ बंद केले असते तर लक्षावधी निरपराध लोकांचे इंटरनेट त्याच क्षणी बंद पडले असते. न्यूयॉर्क येथील संघीय न्यायालयाने अपूर्व तोडगा काढला. चोरांच्या जागी इंटरनेट सिस्टिम्स कन्सॉर्शियम या संस्थेने शुद्ध सर्व्हर चालवावेत, असा आदेश झाला. त्याची मुदत प्रथम ८ मार्च २०१२ पर्यंत होती. ती पुढे ९ जुलै २०१२ पर्यंत वाढविण्यात आली. अखेरच्या दिवसांतही जगभरात दोन लाखांहून अधिक पत्त्यांवरून त्या सर्व्हरांकडे विचारणा होत होती. त्यांत आदल्या महिन्याच्या गणनेनुसार भारतातील पत्ते वीस हजारांहून अधिक होते. पीडिताची जोडणी टिकवून ठेवणे हा गुन्हे-तपासाचाच एक भाग आहे, असे येथे न्यायसंस्थेने मानले.

या व्यवस्थेवर आक्षेप घेता येतो आणि तो दुर्लक्षणीय नाही. आठ महिने सर्व काही सुरळीत चालल्यामुळे अनेकांस आपण बाधित आहोत याची जाणीवच झाली नाही. वेदना थांबली म्हणून रोगी वैद्याकडे गेला नाही. शिवाय ९ जुलै रोजी भाकीत केलेला हाहाकार झाला नाही, त्याचे एक कारण, काही सेवा-कंपन्यांनी आपापल्या ग्राहकांसाठी पर्यायी नाव-सेवा स्वतःच चालू ठेवली, हे होते. म्हणजे पुनःस्थापना नुसती लांबविणे पुरत नाही. पीडितास सांगणे हेही तिचे अंग आहे.

चौथ्या टप्प्याचा आरंभ आपल्या देशात २१ फेब्रुवारी २०१७ रोजी झाला. केंद्र शासनाने त्या दिवशी सायबर स्वच्छता केंद्राचे उद्घाटन केले. बाधित संगणकांचा शोध घेऊन सेवा-कंपन्यांमार्फत त्यांच्या मालकांस कळविणे आणि विनामूल्य शुद्धीकरण-साधने पुरविणे हे त्याचे कार्य ठरले. त्यांतील एक साधन पुण्याच्या क्विक हील या कंपनीचे आहे. २०११-१२ च्या प्रसंगात जी उणीव जाणवली, ती पीडितास कळविण्याची जबाबदारी येथे प्रथमच एका कायम सार्वजनिक संस्थेकडे आली.

त्याच वर्षी, शेलू ज्या रायगड जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, या प्रश्नाची व्याप्ती दिसून आली. २७ जून २०१७ रोजी पसरलेल्या नॉटपेट्या या संहारक कार्यक्रमाने न्हावा शेवा बंदरातील, मर्स्क समूहाच्या एका टर्मिनलचे कामकाज विस्कळीत केले. नॉटपेट्या हा हेर नव्हे, हे खरे. परंतु पुनःस्थापनेचा प्रश्न तोच. मर्स्कच्या अध्यक्षांनी जानेवारी २०१८ मध्ये सांगितल्याप्रमाणे कंपनीने दहा दिवसांत ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणक पुन्हा उभारले. त्या उभारणीचा पाया ठरली ती घानामधील एका कार्यालयात वाचलेली एकमेव प्रत. हल्ल्याच्या वेळी वीज गेल्यामुळे तो संगणक जाळ्यापासून अलग पडला होता. ती प्रत तारेने पाठविणे जमेना, म्हणून माणसाच्या हाती विमानाने पाठवावी लागली. शेलूच्या माणसाची सीडी आणि जागतिक नौकानयन कंपनीची ती डिस्क यांत प्रमाणाचा भेद आहे, जातीचा नाही.

या इतिहासातून निष्कर्ष निघतो तो असा. जबाबदारी उत्तरोत्तर व्यक्तीकडून सार्वजनिक संस्थेकडे सरकत गेली. परंतु जुना टप्पा कधीही पूर्णपणे लोपला नाही. न्यायालयाच्या आदेशानंतरही राउटरची मांडणी कोणी तरी त्या घरात बसूनच बदलावी लागते. अशा दुरुस्तीची साधने नोंदींच्या रूपाने उरतात. हायजॅकधिसच्या हजारो याद्या ही या काळाची बखरच होय. त्या याद्या कोणी जतन केल्या नाहीत, तर हेर काढणाऱ्यांची नावे उरतील आणि तुटलेली वाट सांधणाऱ्यांची विस्मृतीत जातील. आपल्या विभागांतील अभ्यासकांनी या सामग्रीकडे वेळीच लक्ष द्यावे, एवढेच सुचवावेसे वाटते.