काटा आणि दिवा

परदेशी स्थायिक झालेल्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने आपल्या मोटारीची छायाचित्रे नुकतीच आम्हांकडे धाडली. मोटार जुनी, दोन आसनांची, स्पोर्ट्स जातीची. कारखान्याने दिलेली मीटरे पुरेशी न वाटून ह्या गृहस्थाने ऑइलचा दाब, ऑइलचे तापमान आणि बॅटरीचे व्होल्ट दाखविणाऱ्या तीन तबकड्या पदरच्या खर्चाने जोडल्या आहेत. शिवाय स्टिअरिंगच्या मागे, दृष्टीच्या टप्प्यात, एक लहानसा तांबडा दिवा बसविला आहे. इंजिनाचे फेरे ठरावीक संख्येस पोहोचले की हा दिवा पेटतो; आता गियर बदला, असा त्याचा अर्थ. त्यास शिफ्ट लाइट म्हणतात. प्रथमदर्शनी आम्हांस हा हौशी माणसाचा खेळ वाटला. परंतु तबकड्यांचा आणि दिव्यांचा पूर्वेतिहास पाहू लागल्यावर ध्यानात आले की, ह्या दोहोंमध्ये फार जुने भांडण आहे. यंत्राच्या पोटातील हकीकत माणसास सांगावी, की त्यास नुसता हुकूम करावा, हा त्या भांडणाचा विषय होय.

तबकडी मोटारीहून पुष्कळच जुनी. फेरे मोजणाऱ्या टॅकोमीटराचे जनकत्व डीट्रिश ऊलहॉर्न ह्या जर्मन यंत्रज्ञाकडे जाते. त्याने १८१७ मध्ये यंत्रांची गती मोजण्यासाठी हे साधन वापरले, आणि १८४० नंतर ते आगगाडीच्या इंजिनांवर चढले. दाबाची तबकडी पॅरिसच्या यूजेन बूर्दाँची. तिचे पेटंट १८४९ चे. तिची युक्ती मोठी साधी आहे. चपटी, वाकविलेली धातूची नळी घ्यावी. आत दाब वाढला की ती सरळ होऊ पाहते, आणि टोकास जोडलेला काटा फिरतो. जत्रेतील कागदी पिपाणी फुंकर मारताच उलगडते, ती जिने पाहिली तिला किंवा ज्याने पाहिली त्याला हे निराळे समजाविण्याचे कारण नाही. त्या काळी वाफेचे बॉयलर फुटून माणसे दगावत. तेव्हा ह्या काट्याकडे पाहणे ही हौस नव्हती, तो जिवाशी संबंध असलेला प्रश्न होता.

हीच नळी पुढे मोटारीत आली आणि ऑइलचा दाब सांगू लागली. पाण्याच्या तापमानाची सोय तर प्रथम मोटारीच्या बाहेरच होती. १९१० नंतरच्या दशकात बॉइस मोटोमीटर नावाचा तापमापक रेडिएटरच्या झाकणावर उभा असे, आणि चालक काचेतून त्याकडे नजर ठेवी. त्या दिवसांतील चालक बव्हंशी स्वतःच कारागीरही असे. काट्याचा अर्थ त्यास कळे.

पुढे मोटार सर्वांची झाली आणि ही गृहीत गोष्ट सुटली. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या हडसन कंपनीने ऑइलच्या व विजेच्या तबकड्या काढून त्यांच्या जागी इशाऱ्याचे दिवे बसविले. इतरांनी तोच कित्ता गिरविला. जाणत्या चालकांनी ह्या दिव्यांस ‘मूर्खांचे दिवे’ असे नाव ठेवले, आणि ते अगदीच अन्यायाचे नव्हते. काटा हळूहळू खाली येत असता पाहणारास पूर्वसूचना मिळते. दिवा पेटतो तेव्हा दाब गेलेलाच असतो, आणि ऑइलवाचून बेअरिंगे खराब होण्यास फार वेळ लागत नाही.

स्पोर्ट्स मोटारींनी मात्र तबकडी सोडली नाही. १९४५ ते १९४९ पर्यंत इंग्लंडात झालेल्या एमजी टीसी ह्या गाडीत टॅकोमीटर चालकाच्या समोर, आणि वेग दाखविणारा स्पीडोमीटर शेजारच्या उतारूच्या समोर असे! चालकास इंजिनाची काळजी, वेगाची काळजी शेजारणीस, अशी ही वाटणी पाहून आम्हांस हसू आले; पण तीत एक तत्त्व आहे. फेरे मर्यादेबाहेर गेले तर व्हॉल्व वेळेवर मिटत नाहीत, आणि क्वचित पिस्टन त्यांवर आदळून सारे इंजिन निकामी होते.

शर्यतीत इंजिन एकाचे आणि हात दुसऱ्याचे, तेथे ही काळजी संशयाचे रूप घेते. काही शर्यतीच्या मोटारींत टॅकोमीटरास दुसरा एक काटा असे. मुख्य काटा चढताना ह्याला पुढे लोटी आणि मग उतरून जाई; हा दुसरा तेथेच चिकटून राही. चालक गाडीतून उतरला की कारागीर येऊन त्याकडे पाही. चालकाने काहीही सांगितले तरी त्याने गियर बदलण्यात कोठे चूक केली ते तेथे उघड असे. इंग्रजीत ह्या काट्यास चहाडखोर म्हणतात, आणि त्याहून समर्पक नाव आम्हांस सुचत नाही.

पण काट्यातही एक उणीव आहे: तो पाहावा लागतो. १९६७ मध्ये पाँटिअॅक कंपनीने टॅकोमीटर बॉनेटवरच बसवून पाहिला, की नजर रस्त्यावरून हलू नये. जपानच्या माझ्दा कंपनीने रोटरी इंजिनाच्या काही गाड्यांत, १९७८ च्या आरएक्स-७ मध्येही, कानास हाक मारणारी घंटी ठेवली. कारण ते इंजिन इतके गुळगुळीत फिरते की आपण सीमेवर आलो हे चालकाच्या अंगास जाणवतच नाही. शिफ्ट लाइट ह्याच घराण्यातील. चार सिलिंडरांच्या इंजिनात एका फेऱ्यास दोन ठिणग्या पडतात. म्हणजे मिनिटास ६,००० फेरे असता सेकंदास २०० ठिणग्या. त्या मोजून ठरलेल्या आकड्यावर दिवा पेटविणे हे लहानशा विद्युत्‌यंत्राचे काम. खालच्या गियरात इंजिन सेकंदास ३,००० फेरे चढते असे समजा. दिवा पाहून हात हलेपर्यंत पाव सेकंद गेला तरी ७५० फेरे वाढले. म्हणून दिवा सीमेच्या बराच अलीकडे पेटवावा लागतो. माणसाच्या मंदपणाची ही वजाबाकी आम्हांस साऱ्या यंत्राहून मनोरंजक वाटते.

गंमत अशी की, हाच दिवा १९८० नंतर साध्या मोटारींतही आला, पण उलट्या उपदेशासाठी. शर्यतीतला दिवा म्हणे, इंजिन शेवटपर्यंत ताण. हा म्हणे, पेट्रोल वाचव, लवकर वरचा गियर घाल. युरोपीय संघाने तर २०१२ पासून नव्या मॉडेलांस, आणि २०१४ पासून सर्व नव्या हाती-गियरच्या मोटारींस असा दर्शक सक्तीचा केला.

आणि काटा तरी नेहमी खरे बोलतो काय? माझ्दाच्या मियाता ह्या लोकप्रिय गाडीत प्रथम ऑइलच्या दाबाचा खरा काटा होता. अमेरिकेतील १९९५ च्या मॉडेलपासून तेथे नुसती कळ आली: दाब थोडाफार असला की काटा मध्यावर जाऊन बसे, मग तो कमी असो वा जास्त. खरा काटा हलताना पाहून मालक घाबरत, असे त्याचे कारण सांगितले जाते. म्हणजे तबकडीचा वेष घेतलेला तो दिवाच! आम्हांस तर दिव्याचा हुकूम परवडला. तो निदान हकीकतीचे सोंग आणीत नाही.

मालकांच्या घाबरण्यात मात्र तथ्य असावे. आमच्या विद्यार्थ्याने खरी तबकडी बसविली त्याच दिवशी, सिग्नलपाशी थांबला असता, काटा झरझर खाली आला. त्याने इंजिन बंद केले आणि मागच्या गाड्यांचे भोंगे ऐकत तो बसून राहिला. तापलेले ऑइल पातळ होते, फेरे उतरले की पंपही मंदावतो, हे त्यास मागाहून एका वृद्ध कारागिराने समजाविले. आता सिग्नलपाशी काटा कोठे असावयाचा हे त्यास पाठ झाले आहे. दिव्याविषयी तेवढी त्याची एक तक्रार आहे: शहरात तो कधी पेटतच नाही.