पासाची वजावट आणि यशवंतराव

रिटर्न भरायचे दिवस आले की पनवेल लोकलमध्ये एक प्रश्न हमखास कानावर येतो. ‘अरे, स्टँडर्ड डिडक्शनला पुरावा काय जोडायचा?’

काहीच नाही. पण हे ‘काहीच नाही’ आलं कुठून, ते माहीत असायला हवं.

व्यापारी दुकानाचं भाडं, वीजबिल, नोकरांचा पगार वजा करून उरलेल्या नफ्यावर कर भरतो. नोकरदारालाही कमवायला खर्च येतोच. रोजचा प्रवास आहे, पुस्तकं आहेत. पूर्वी यासाठी वेगवेगळ्या वजावटी होत्या. १९७४च्या अर्थसंकल्पात त्या एकत्र करून सरसकट वजावट आणली गेली. अर्थमंत्री होते आपले यशवंतराव चव्हाण. पगाराच्या पहिल्या १०,००० रुपयांवर २० टक्के, पुढच्या रकमेवर १० टक्के, जास्तीत जास्त ३,५०० रुपये. बिल नको, पावती नको.

२००५ साली चिदंबरम यांनी करमुक्त मर्यादा १ लाखावर नेली आणि ही वजावट काढून टाकली. २०१८ मध्ये जेटलींनी ती ४०,००० रुपये करून परत आणली. टाळ्या वाजल्या. पण त्याच हाताने प्रवासभत्त्याची १९,२०० आणि औषधोपचाराची १५,००० रुपयांची सवलत गेली. म्हणजे नोकरदाराच्या पदरात खरी भर पडली ५,८०० रुपयांची! खरा फायदा झाला पेन्शनरांचा, कारण त्यांना असले भत्ते नव्हतेच. २०१९ला आकडा ५०,००० झाला. जुन्या करप्रणालीत आजही तेवढाच आहे. नव्या प्रणालीत २०२४पासून ७५,०००.

आता खरी गोम. ही वजावट फक्त ‘पगार’ आणि पेन्शनवर मिळते. आमच्यासारखे मानधनावरचे पत्रकार, कंपन्यांत ‘सल्लागार’ म्हणून कंत्राटावर घेतलेली पोरं, यांना फॉर्म १६ नाही, १६-ए मिळतो. लोकल तीच, पास तोच, साहेबही तोच. पण कागदावर पगार नाही म्हणून वजावट नाही. खर्च दाखवता येतो, पण त्याचे नियम वेगळे, आणि ते बहुतेकांना कुणी सांगितलेलेच नसतात.

म्हणून रिटर्न भरण्याआधी एवढं करा: हातातला कागद १६ आहे की १६-ए, ते बघा. १६ असेल तर वजावट निमूट घ्या, ती मेहेरबानी नाही, तुमच्या कमाईचा खर्च आहे. १६-ए असेल तर जाणकाराला विचारा.

आणि १९७४मध्ये मान्य झालेलं तत्त्व कंत्राटी पोरांना कधी लागू होणार, हे मत मागायला येणाऱ्यांना विचारा.