केनोजेरोची गावे आणि अरण्य

राष्ट्रीय उद्यान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे निर्मनुष्य रान उभे राहते. उत्तर रशियातील अर्खांगेल्स्क प्रांतातले केनोजेरो तसे नाही. सूचिपर्णी वृक्षांची दाट वने, शेकडो सरोवरे, आणि काठाकाठाने माणसांची लाकडी घरे.

तिथल्या शेतकऱ्याने जंगल तोडून शेत केले, पण प्रार्थनामंदिराभोवतीची देवराई राखली. तिची फांदीही मोडावयाची नाही, असा दंडक. वाटेवरच्या क्रुसाला नवसाचे कापड बांधावयाचे. मंदिरात शिरून मान वर केली की छतावर रंगविलेले ‘आकाश’ दिसते. मधोमध ख्रिस्त आणि सभोवार देवदूत.

१८७१ साली गिल्फरदिंग नावाचा पंडित येथे आला. ओलोनेत्स प्रांतातील त्या दौऱ्यात त्याने खेडुतांच्या तोंडून ३१८ वीरगाथा उतरून घेतल्या. पंडिताने शेतकऱ्यापुढे वही घेऊन बसावे, हे वाचून माझ्यासारख्या शाळा अर्धवट सुटलेल्या माणसाला बरे वाटते. पुढच्याच वर्षी तो पुन्हा निघाला आणि वाटेत कार्गोपोल येथे वारला.

विसाव्या शतकाच्या साठाव्या-सत्तराव्या वर्षांत सोव्हिएत नियोजनकारांनी रशियातील खेड्यांची वर्गवारी केली : ‘भवितव्य असलेली’ आणि ‘भवितव्य नसलेली’. दुसऱ्या यादीत नाव गेले की दुकान बंद, शाळा बंद. हाकलून लावण्याची गरजच उरत नसे. माणसे आपणहून उठत. केनोजेरोची कित्येक गावे अशी ओस पडली. श्रमिकांच्या राज्याकडे मी तरुणपणी फार आशेने पाहिले, म्हणून हे सांगताना जीभ जड होते. एका गिरणीच्या दाराला ‘जादा’ कामगारांची यादी लागलेली मी पाहिली आहे. ती करणाऱ्याने त्यांतील एकाचाही चेहरा पाहिलेला नव्हता.

२५ डिसेंबर १९९१ रोजी गोर्बाचेव्ह पायउतार झाले आणि २८ तारखेला रशियन सरकारने हे उद्यान स्थापिले. राज्य कोसळत असताना कोणाला तरी या रानाची आठवण होती! रानाबरोबर गावे, शेते आणि मंदिरेही उद्यानाच्या राखणीत आली. सुतारांनी जुनी मंदिरे दुरुस्त केली. २००४ साली युनेस्कोने त्याला जीवावरण राखीव क्षेत्र म्हटले, आणि जुलै २०२४ मध्ये, आपल्या नवी दिल्लीत भरलेल्या बैठकीत, केनोजेरोचे नाव जागतिक वारसा यादीत गेले.

पोर्झेन्स्को येथे अठराव्या शतकातले लाकडी मंदिर आहे. त्याभोवती ओंडक्यांचे कुंपण आहे, भोवती राईही आहे. गावात मात्र कोणी राहत नाही.