मुलाचे बिऱ्हाड कोठे?

बदलीच्या नोकरीत बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडणाऱ्या मंडळींना ‘तुमचे गाव कोणते?’ या साध्या प्रश्नाचे उत्तर देताना थोडे अडखळावेच लागते. आईबाप विभक्त झाले म्हणजे नेमका हाच प्रश्न न्यायालय त्यांच्या मुलाविषयी विचारते. आणि मूल कोणाकडे द्यावे याच्याही आधी विचारते. या प्रश्नाला एवढे वजन कसे आले, हे पाहू गेल्यास ॲनी बेझंट यांच्या आयुष्यातील दोन दाव्यांपाशी थांबावे लागते. एकात त्या आई होत्या व हरल्या. दुसऱ्यात त्या परक्याच्या मुलांच्या पालक होत्या व जिंकल्या.

इंग्लंडात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मूल कायद्याने बापाचे असे. कॅरोलिन नॉर्टन या लेखिकेच्या खटपटीने १८३९ साली सात वर्षांखालील मुलांच्या ताब्यासाठी अर्ज करण्याची मुभा आईला मिळाली, आणि १८७३ साली ही वयोमर्यादा सोळावर गेली. त्याच साली पाद्री फ्रँक बेझंट आणि ॲनी बेझंट विभक्त झाले. मुलगा बापाकडे व मुलगी मेबल आईकडे, असे ठरले. पुढे १८७७ साली संततिनियमनाची माहिती देणारे पुस्तक ब्रॅडलॉ यांच्यासह प्रसिद्ध केल्याबद्दल बाईंवर खटला झाला, आणि पतीने मुलगी परत मागितली. १८७८ साली न्यायमूर्ती सर जॉर्ज जेसेल यांनी आईचा निरीश्वरवाद आणि ते पुस्तक यांवर बोट ठेवून, आठ वर्षेही पुरी न झालेली मेबल बापाच्या स्वाधीन केली. जाणत्या वयात दोन्ही मुले आपण होऊन आईकडे आली, ही गोष्ट निकालपत्रात अर्थातच सापडावयाची नाही.

हिंदुस्थानात १८९० साली पालक व पाल्य अधिनियम झाला. बाप हयात असून नालायक ठरलेला नसेल तर दुसरा पालक नेमू नये, असे त्याचे एक कलम. मुलाचे हित पाहावे, आणि मूल समजूतदार वयाचे असेल तर त्याची इच्छाही विचारात घेता येईल, असे दुसरे. ही दोन कलमे एकमेकांशी फारशी सलगीने नांदत नाहीत, असे आमचे मत आहे. पण या दोहोंच्या अलीकडे नववे कलम उभे आहे: अज्ञान मूल ‘सामान्यतः’ ज्या जिल्ह्यात राहते तेथील न्यायालयातच अर्ज करावा.

आता दुसरा दावा. नारायणय्या हे मद्रास इलाख्याच्या महसूल खात्यातील गृहस्थ. नोकरीच्या गावोगाव मुलांना घेऊन फिरले. पत्नी १९०५ साली वारली. निवृत्तीनंतर १९०९ साली अड्यारला थिऑसॉफिकल सोसायटीच्या कामावर आले. तेथे त्यांचा मुलगा कृष्णमूर्ती हा भावी जगद्गुरू ठरला. १९१० साली बापाने कृष्णमूर्ती व नित्यानंद यांचे पालकत्व बेझंटबाईंना लिहून दिले, आणि १९१२ साली बाईंनी मुलांना शिक्षणासाठी इंग्लंडात ठेवले. बापाला हे रुचले नाही. बाईंच्या एका सहकाऱ्याविषयी त्यांच्या गंभीर तक्रारीही होत्या. त्यांनी चिंगलपेटच्या जिल्हा न्यायालयात दावा लावला व तो मद्रासच्या उच्च न्यायालयात गेला. बाईंनी १८७८ प्रमाणे याही वेळी आपली बाजू स्वतःच मांडली. बापाचे वकील होते सी. पी. रामस्वामी अय्यर, जे पुढे होमरूलच्या चळवळीत बाईंचेच सहकारी झाले! १९१३ साली न्या. बेकवेल यांनी सर्वांत गंभीर आरोप सिद्ध मानला नाही, तरी मुले बापाला परत द्यावीत असा हुकूम केला. अपिलातही तो टिकला.

प्रिव्ही कौन्सिलने मात्र १९१४ साली तो फिरवला. पालकत्व हा विश्वस्ताचा धर्म आहे, ते एकदा लिहून दिले म्हणून बाप कायमचा मोकळा होत नाही, हे त्यांनी बापाच्या बाजूने मान्य केले. परंतु इंग्लंडात शिकत असलेली मुले चिंगलपेट जिल्ह्यात ‘सामान्यतः राहतात’ असे म्हणता येत नाही, आणि मुलांची परतण्याची इच्छा नसता त्यांना जबरीने आणणे इंग्लंडच्या कायद्यातही बसले नसते, असे ठरले. बापाला वाटल्यास त्याने इंग्लंडातील न्यायालयाकडे जावे.

कायदा म्हणून निर्णय बिनतोड आहे. पण एका निवृत्त महसुली नोकराला लंडनचे न्यायालय किती जवळचे होते, हे पेन्शनीवर घर चालवणाऱ्यांना सांगावयास नको. ज्याच्या हाती मूल आहे तो ते दूर नेऊन आपले न्यायालयही निवडू शकतो, ही त्या निर्णयातील खोच आहे आणि ती अद्याप पुरती गेलेली नाही.

मधल्या काळात कायदा बराच वळला. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाने पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईजवळ असावे असे म्हटले व मुलाचे हित सर्वोपरी मानले. १९८४ च्या अधिनियमाने कुटुंब न्यायालये आली. तेथे आधी समेटाचा प्रयत्न करावा लागतो, आणि वकील देणे हा पक्षकाराचा हक्क नाही. १९९९ साली गीता हरिहरन यांच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने बापाच्या ‘नंतर’ आई पालक, याचा अर्थ बापाच्या ‘अनुपस्थितीत’ असा लावला, तोही बाप हयात असताना. २०१० साली १८९० च्या कायद्यातील बापाविषयीच्या त्या कलमात आईचेही नाव आले.

नववे कलम मात्र जागच्या जागी आहे. बाप गुवाहाटीला, आई मूल घेऊन सोलापूरला माहेरी. मग दावा कोठे? दोन महिन्यांच्या सुटीने मुलाचे राहते ठिकाण सहसा बदलत नाही, आणि पळवून नेल्याने ते बदलू नये. पण मूल तेथल्या शाळेत रुळले, वर्षे गेली, की गोष्ट निराळी होते. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली हा मुख्यतः वस्तुस्थितीचा प्रश्न मानला व त्यात हेतूही पाहावा लागतो असे सांगितले. म्हणून शाळेचा दाखला, घराचा भाडेकरार, बदलीचा हुकूम हे कागद अशा दाव्यात पुढे येतात.

ताबा एकाकडे गेला तरी दुसऱ्याची भेट तुटू नये, म्हणून भेटीचे दिवस आणि रीत न्यायालयाने स्पष्ट लिहून द्यावी, आणि दूर असणाऱ्याला व्हिडिओ कॉलवर मुलाशी बोलता यावे, असे त्याच न्यायालयाने २०२० साली सांगितले आहे. आता ती वेळ ठरवताना मुलाची शाळा सुटते केव्हा आणि दूरच्या ठाण्यावर बापाला फोन लागतो केव्हा, हे दोन्ही पाहावे लागते.