प्रकाश आणि कष्टकऱ्याचे तोंड

२८ फेब्रुवारी १९२८ रोजी कलकत्त्यास रामन यांना आढळले की, पदार्थावर पडलेल्या प्रकाशाचा अल्प अंश रंग बदलून परततो व त्या पदार्थाची ओळख देतो. १९४१ साली त्याच तारखेस मुंबईच्या गिरणगावात, परळला, टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले. पुढे त्याच संस्थेच्या खारघरच्या संशोधनकेंद्रात गालाच्या आतील अस्तरावर लेसरचा झोत टाकून, परतणाऱ्या प्रकाशावरून, चाकू न लावता कर्करोगाची चाहूल घेण्याचे प्रयोग झाले.

आमच्या नंदुरबारकडचा ऊसतोड मजूर भूक मारण्यासाठी तंबाखू दाढेशी धरतो. तोंडातला पांढरा चट्टा बहुधा दुखत नाही. दाखवायला जावे तर मजुरी बुडते.

ते यंत्र गावात येईल तेव्हा येवो. साध्या बॅटरीच्या उजेडातही चट्टा दिसतो. टोळ्या गुजरातेत निघण्यापूर्वी प्रत्येकाचे तोंड तपासावे व त्या दिवसाची मजुरी द्यावी, एवढेच आम्ही मागतो.